एडीएचडी असलेल्या मुलांचं खाणंपिणं: सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या दुधापर्यंत

मुलाला एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात पहिला विषय निघतो तो खाण्याचा. क्लिनिकमधून बाहेर पडता पडताच मोबाईलवर सर्च सुरू होतं, साखर बंद करा, गहू बंद करा, दूध बंद करा, बदाम भिजवून द्या, अमुक सिरप चालू करा, आणि रात्रीपर्यंत नातेवाईक आणि शाळेच्या ग्रुपवरचे पालक मिळून सल्ल्यांचा ढीग घालतात. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला एडीएचडी आहे, औषध चालू आहे, आणि ज्यांना उद्या सकाळी उठून पुन्हा डबा भरायचाय त्यांच्यासाठी मी हे लिहितेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. खाण्यामुळे एडीएचडी होत नाही आणि खाण्याने तो जातही नाही. यात अनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो, तुम्ही मॅगी खायला दिली म्हणून हे झालेलं नाही, त्यामुळे तो अपराधी भाव आजच काढून टाका. उपचार म्हणजे लहान मुलांमध्ये, साधारण सहा वर्षांच्या आतल्या, आधी आईवडिलांना दिलं जाणारं वागणुकीचं ट्रेनिंग, आणि मोठ्या मुलांमध्ये त्याच्या जोडीला गरजेप्रमाणे औषध आणि शाळेची मदत. आहार हा या सगळ्याच्या बरोबरीने चालतो, त्याच्या जागी नाही.

मग खाण्याचा एवढा विचार का करायचा? कारण या मुलांचं भुकेचं गणितच वेगळं असतं. काही मुलं चित्र काढण्यात नाहीतर लेगोत इतकी बुडतात की भूक लागलीय हेच त्यांना कळत नाही, काहींची भूक औषधाने दुपारभर मरते, काहींना मऊ गिळगिळीत काही तोंडात घालवत नाही, आणि काही समोर जे दिसेल ते खात सुटतात. आणि उपाशी, रक्त कमी असलेलं, झोप न झालेलं कुठलंही मूल वर्गात लक्ष देऊ शकत नाही, एडीएचडी असो वा नसो. माझं मत विचाराल तर काय खायला घालायचं यापेक्षा कधी आणि कसं घालायचं यावर जास्त मेहनत घ्या, फरक तिथे दिसतो.

पहिली पायरी: काहीही बदलायच्या आधी एक आठवडा नुसतं लिहून काढा

साधी दोनशे पानी वही घ्या. किती वाजता काय खाल्लं, किती खाल्लं (अर्धी पोळी, दोन घास, असं लिहिलं तरी चालेल, वजन करत बसू नका), औषध किती वाजता दिलं, डब्यात काय परत आलं, झोप किती वाजता लागली, पोट साफ झालं का, आणि चिडचिड किंवा रडारड कुठल्या वेळेला झाली. एवढंच. शनिवार रविवारचं पण लिहा कारण त्या दिवशी सगळं वेगळं असतं.

या वहीतून बहुतेक घरांत एक पॅटर्न दिसतो, की जी भांडणं आपल्याला "हट्टीपणा" वाटत असतात ती रोज साधारण एकाच वेळेला होतात, आणि ती वेळ बघितली तर मुलाने त्याआधी चार-पाच तास काही खाल्लेलं नसतं. ब्रिटनमध्ये एडीएचडीच्या उपचारांसाठी नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांतही हेच आहे, की एखाद्या पदार्थामुळे मूल बिघडतंय असं पालकांना वाटत असेल तर आधी खाण्याची डायरी ठेवायला सांगा आणि तसा संबंध खरंच दिसला तरच आहारतज्ज्ञांकडे पाठवा. म्हणजे अंदाजाने काही बंद करायचं नाही.

दुसरी पायरी: रक्त तपासून घ्या, विशेषतः फेरिटिन

आपल्याकडे ही पायरी गाळून चालणारच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेली, निघाली. दहातली जवळपास सात. आणि मेंदूला डोपामिन तयार करायला लोह लागतं, एडीएचडीमध्ये ज्या रसायनाची सगळ्यात जास्त चर्चा होते तेच हे डोपामिन. लोह कमी असलं की मूल थकलेलं, चिडचिडं, लक्ष नसलेलं दिसतं, रात्री पाय हलवत राहतं, झोप नीट लागत नाही, आणि हे सगळं एडीएचडीच्या वर येऊन बसतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो, तो साठा फेरिटिनमध्ये दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पाच वर्षांवरच्या मुलांमध्ये फेरिटिन लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर साठा रिकामा समजतात. ताप, सर्दी, इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं, त्यामुळे मूल बरं असताना टेस्ट करा. शाकाहारी घर असेल तर बी१२ पण करून घ्या, आणि डी व्हिटॅमिनबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता महत्त्वाचं. रिपोर्ट कमी आला म्हणून मेडिकलमधून लोहाचं सिरप आणून आपल्या मनाने सुरू करायचं नाही. डोस वजनावर ठरतो, आणि लोहाची बाटली लहान मुलाने एकदम प्यायली तर जीवावर बेततं, हे अतिशयोक्तीने सांगत नाहीये. एडीएचडीवाली मुलं आधीच काहीही करून बघणारी, त्यामुळे लोह असो की एडीएचडीचं औषध, कुलूप असलेल्या कपाटात. झिंक, मॅग्नेशियम वगैरेंचंही तेच, कमतरता नसताना दिल्याने लक्ष वाढतं असा भरवशाचा पुरावा नाही.

खर्चाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते.

तिसरी पायरी: नाश्ता आधी, गोळी नंतर

एडीएचडीसाठी सगळ्यात जास्त दिलं जाणारं औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. त्याने भूक कमी होते, हा त्याचा नेहमीचा साइड इफेक्ट आहे. साधी गोळी साधारण चार तास काम करते, लाँग ॲक्टिंग आठ तास किंवा त्याहून जास्त, आणि तेवढा वेळ मूल जेवणाकडे बघतही नाही. मग सकाळची वेळ ही तुमची सोन्यासारखी वेळ. गोळी द्यायच्या आधी पोटभर नाश्ता झालाच पाहिजे. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध चालू असेल तर ते उपाशीपोटी दिल्यावर मळमळतं, म्हणून तेही खाल्ल्यानंतरच बरं. (गोळीची वेळ तुमच्या डॉक्टरांनी वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका.)

नाश्त्यात प्रोटीन हवं. नुसते चहा-बिस्किट, टोस्ट, कॉर्नफ्लेक्स यांनी दहा वाजेपर्यंत पोट रिकामं होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रोटीन लागतं, १० ते १२ वर्षांत ३२-३३ ग्रॅम. ऐकायला जास्त वाटतं पण एका अंड्यात सहा ग्रॅम, एक कप दुधात सहा-साडेसहा, मूठभर शेंगदाण्यांत सात, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊच्या आसपास. म्हणजे सकाळीच त्यातलं निम्मं पोटात घालता येतं.

आमच्याकडे काय काय चालतं ते सांगते. मुगाची डाळ रात्री भिजवून सकाळी मिक्सरला लावायची, आलं, जिरं, किसलेलं गाजर घालून धिरडी, वर चमचाभर तूप. थालीपिठाची भाजणी तर आयतीच असते, तिच्यात डाळी आहेतच, सोबत घरचं लोणी किंवा दही. पोह्यात शेंगदाणे आणि मटार दुप्पट घालायचे आणि वर लिंबू पिळायचंच. अंड्याचं ऑम्लेट पोळीत गुंडाळून. उपमा असेल तर त्यात उडदाची डाळ, काजू, मटार भरपूर. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून, गूळ घालून. आणि ज्या दिवशी अगदीच उशीर झालाय त्या दिवशी केळं, दूध, शेंगदाण्याचा कूट, दोन खजूर मिक्सरमधून फिरवून ग्लासात, तो ग्लास बूट घालता घालता पण संपतो.

सकाळी शाळेची घाई असते हे मान्य, पण इथे मूल उठवायची वेळ वीस मिनिटं अलीकडे आणण्याशिवाय दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. झोपेतून उठल्या उठल्या काही मुलांना खाववत नाही, आधी दात, अंघोळ, युनिफॉर्म आणि मग नाश्ता असा क्रम लावला तर जातं. टीव्ही बंद ठेवा, नाहीतर घास हातातच राहतो आणि रिक्षावाले काका हॉर्न वाजवायला लागतात.

चौथी पायरी: डबा

डबा न खाता परत येणं ही प्रत्येक घरातली रोजची कळ आहे. दप्तर उघडलं की तो जड डबा हातालाच कळतो, झाकण काढलं तर पोळीची घडी सकाळी घातली तशीच, भाजीला पाणी सुटलेलं, आणि लेक शांतपणे सांगते, "आई, भूकच नव्हती." ती खरं बोलत असते. रागावून काही होत नाही.

मधल्या सुट्टीत काय होतं ते जरा डोळ्यांसमोर आणा. वेळ थोडा, आजूबाजूला सगळी पोरं पळतायत, आवाज, आणि या मुलाला पोळीचा तुकडा तोडून, भाजी त्यात धरून, न सांडता खायचंय, तेही भूक नसताना. त्याऐवजी एका हातात धरून दोन-तीन घासांत संपेल असं द्या. पोळीचा रोल, आत पनीर भुर्जी किंवा अंडा भुर्जी किंवा मुगाची सुकी उसळ. इडल्या छोट्या, पोडी आणि तूप लावून. कोथिंबीर वडी. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, ही तर प्रवासाची शिदोरी आहे आपली, कोरडी, टिकणारी, पोटाला धरणारी. डिंकाचा किंवा शेंगदाण्याचा लाडू एक. डबा असा घ्या की मुलाला स्वतःला उघडता येतो, चार क्लिपांचे घट्ट डबे कितीतरी मुलं उघडतच नाहीत आणि बाईंना सांगायला पण विसरतात.

कमी द्या पण दाट द्या. तूप, शेंगदाणा, तीळ, खोबरं, खजूर, यांनी छोट्या घासात जास्त ताकद जाते. दोन पोळ्यांचा डबा परत येण्यापेक्षा एक भरगच्च रोल संपलेला बरा.

वर्गशिक्षिकांशी एकदा बोलून ठेवा. "तिला सुट्टीत डबा उघडायची फक्त आठवण करा, संपवायची जबरदस्ती नको," एवढीच विनंती. शाळेत शालेय पोषण आहार मिळत असेल तर तिथल्या ताईंना पण सांगा की याला आधी थोडं वाढा, मागितलं तर परत. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे, तुमच्या शाळेच्या गेटवर ते राजरोस मिळत असतील तर पालकसभेत हा नियम दाखवून विचारा.

पाचवी पायरी: चार ते नऊ हीच खरी जेवणाची वेळ

औषध उतरायला लागलं की भूक एकदम उसळते, आणि त्याच वेळेला मूल रडवेलं, चिडकं पण होतं. घरात आल्या आल्या "होमवर्क किती आहे" विचारू नका, आधी ताट. आणि ताट म्हणजे खरंच ताट, बिस्किटाचा पुडा किंवा वेफर्स नाही. वरण-भात-तूप-लिंबू, उसळ-पोळी, दही-भात, भाकरी-पिठलं, घरातल्या मोठ्यांचं दुपारचं जे जेवण असेल ते जपून ठेवा आणि चार-साडेचारला तिला गरम करून द्या. आजींना हे अवेळी वाटतं, "अगं, ही काय जेवायची वेळ आहे, रात्री जेवणार नाही ती", पण रात्री साडेआठला ती परत जेवते. झोपायच्या आधी परत भूक लागली तर दूध, केळं, लाडू, गूळ-तूप-पोळी, शिकरण-पोळी. म्हणजे सकाळी दाबून, दुपारी चिमूटभर, संध्याकाळी जेवण, रात्री जेवण, झोपताना थोडं. दिवसभराचं मोजलं तर पुरेसं होतं.

औषध न घेणाऱ्या किंवा उलट सारखं खाणाऱ्या मुलांसाठी मात्र गोष्ट वेगळी. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये वजन वाढण्याचं प्रमाणही जास्त दिसतं, कारण थांबायचं कधी हे कळायला जो ब्रेक लागतो तोच कमकुवत असतो. अशा घरात दर अडीच-तीन तासांनी ठरलेलं खाणं, त्यामध्ये फक्त पाणी, आणि फरसाण-बिस्किटांचे डबे नजरेआड. मुलाला "किती खातोस" म्हणून टोकण्यापेक्षा डबा ओट्यावरून हलवणं जास्त उपयोगी पडतं.

सहावी पायरी: लोह आणि मासे

लोहासाठी पालेभाज्या, बाजरी, अळीव, मसूर, मटकी, राजगिरा, आणि खात असाल तर अंडं, मटण, कलेजी. पण वनस्पतीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, त्याला सी व्हिटॅमिनची जोड लागते, म्हणून उसळीवर लिंबू, जेवताना पेरूची फोड, आवळा, टोमॅटोची कोशिंबीर. आणि जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा अजिबात नाही, चहातली टॅनिन लोह अडवतात. दूध पण लोहाच्या जेवणाबरोबर नको, मधल्या वेळेला द्या, आणि दिवसाला दोन कपांच्या वर नको, नाहीतर दुधानेच पोट भरतं आणि जेवण राहतं. लोखंडी कढईत आमटी-भाजी केली की, विशेषतः टोमॅटो-चिंचेची, थोडं लोह त्यात उतरतं, आणि हा फुकटचा उपाय आहे. अळिवाचे लाडू बाळंतिणीचे म्हणून बाजूला ठेवू नका, ओलं खोबरं आणि गूळ घालून केलेला छोटा लाडू मुलं आवडीने खातात.

ओमेगा-थ्रीबद्दल, म्हणजे माशांत असणाऱ्या एका चांगल्या चरबीबद्दल, खूप बोललं जातं. अभ्यासांत फायदा दिसला तिथे तो छोटाच दिसला, काहींत दिसलाच नाही, औषधाच्या जवळपासही नाही, आणि नाइसच्या सूचनांमध्ये तर एडीएचडीवर उपाय म्हणून या कॅप्सूल देऊ नका असंच आहे. पण मासे म्हणून मासे उत्तमच. कोकणात, गोव्यात, मुंबईत ज्यांच्याकडे खातात त्यांनी बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा, हे दोन्ही ओमेगा-थ्रीने भरलेले आणि पापलेट-सुरमईपेक्षा कितीतरी स्वस्त. शाकाहारी घरात जवसाची चटणी आणि अक्रोड, पण त्यातलं ओमेगा-थ्री मेंदूला लागणाऱ्या प्रकारात फार थोडं बदलतं, हे माहीत असू द्या. चटणी चांगलीच आहे, ती जेवण म्हणून द्या.

सातवी पायरी: साखर आणि रंग, दोन्ही वेगवेगळे

साखरेने मुलं उधळतात हे आपण सगळे धरून चालतो. १९९५ मध्ये अनेक काटेकोर अभ्यासांचा एकत्रित आढावा छापून आला, ज्यात मुलं, आईवडील, संशोधक कुणालाच माहीत नव्हतं की साखर कुणाला दिलीय, आणि वागण्यात फरक दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, ज्या आयांना वाटत होतं की आपल्या मुलाला साखर बाधते त्यांना बोलावलं, सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की साखर दिलीय. त्या आयांना मुलं जास्त उधळलेली वाटली, आणि त्या मुलांच्या जास्त मागे मागे राहिल्या, जास्त टोकत होत्या. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण वाढदिवसाला केक खाल्ला म्हणून आपण त्या मुलाकडे आधीच वेगळ्या नजरेने बघायला लागतो आणि ते त्याला कळतं. साखर कमी करा, दातांसाठी, वजनासाठी, आणि गोडाने पोट भरून खरं जेवण राहतं म्हणून. पण सणाच्या दिवशी ताटातली पुरणपोळी काढून घेऊ नका.

रंगांचं वेगळं आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतले ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी कृत्रिम रंगांवर बोट ठेवलं, पुढे बराच वाद झाला. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी ३ वर्षांच्या आणि ८-९ वर्षांच्या सर्वसाधारण मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण देऊन बघितलं, चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. थोडाच, आणि सगळ्या मुलांत नाही. तरीही युरोपात २०१० पासून त्यातल्या सहा रंगांच्या पाकिटांवर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो अशी सूचना छापावी लागते. आपल्याकडे अशी सूचना नसते, पण पाकिटावर नंबर असतात. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोझिन, १२४ पाँसो ४आर, आणि २११ म्हणजे सोडियम बेंझोएट. जेली, रंगीत गोळ्या, ऑरेंज सरबताच्या बाटल्या, केकवरचं आयसिंग, टुटीफ्रुटी, यांच्या मागे बघा. सुटी मिठाई, केशरी जिलेबी, लाल मंच्युरियन, बर्फाचा गोळा, यांवर लेबलच नसतं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकने गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी घातली आणि रंगीत बुढ्ढी के बाल बंद केले, कारण नमुन्यांत खाण्यासाठी परवानगीच नसलेला रोडामाइन बी सापडला होता.

तुमच्या मुलाला रंग बाधतात का हे बघायचं असेल तर असं करा. तीन-चार आठवडे हे नंबर असलेलं सगळं बंद. घरात सगळ्यांसाठीच बंद, एकट्या त्याच्यासाठी नाही. या काळात औषध, झोप, क्लास यांत काहीही बदल करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. शाळेत बाईंना न सांगता फक्त त्यांच्याकडून आठवड्याला दोन ओळी मागवा, वर्गात बसणं कसं आहे म्हणून. मग परत थोडं सुरू करा आणि बघा. फरक दिसला तर बंद ठेवा, नाही दिसला तर सोडून द्या आणि डोक्यावरचं एक ओझं कमी करा.

गहू-दूध बंद करायचं का?

सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार) किंवा दुधाची ॲलर्जी सिद्ध झाली नसेल तर नाही. ग्लूटेन-फ्री, केसिन-फ्री (केसिन म्हणजे दुधातलं प्रोटीन) डाएटने एडीएचडी कमी होतो याला चांगला पुरावा नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधून एक अभ्यास आला होता, तांदूळ, थोड्या भाज्या, मांस, नाशपाती आणि पाणी एवढ्यावर पाच आठवडे मुलांना ठेवलं आणि बऱ्याच जणांत सुधारणा दिसली, पण त्यात आईवडिलांना माहीत होतं की आपलं मूल डाएटवर आहे, आणि साखरेच्या प्रयोगात आपण बघितलंच की माहीत असण्याने काय होतं. आधीच कमी खाणाऱ्या, शाकाहारी मुलाचं दूध आणि पोळी काढली तर त्याच्या ताटात उरणार काय? अगदी करायचंच असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली. ब्राह्मी, शंखपुष्पी वगैरेची सिरपं किंवा कुणी दिलेल्या पुड्या देत असाल तर ते डॉक्टरांना लपवू नका, औषधाबरोबर काय चालेल ते त्यांना ठरवू दे.

नखरे नाहीत ते

भाजीतला कांदा वेगळा काढणं, वांगं तोंडात गेलं की ओकारी येणं, दही-भात रोज तोच, याला आपण नखरे म्हणतो. या मुलांतल्या कित्येकांना चव, वास, स्पर्श खरंच जास्त जाणवतात. जबरदस्तीने भरवलं तर तो पदार्थ कायमचा जातो. ताटात त्याला आवडणारी एक गोष्ट नक्की ठेवायची, बाजूला नवीन गोष्ट एक चमचा, खाल्ली तर ठीक, नाही खाल्ली तर एक शब्द नाही, आणि हे पुन्हा पुन्हा, दहा-पंधरा वेळा तरी. भेंडी रसाची नको तर कुरकुरीत करा, पालक भाजी नको तर पालकाच्या पुऱ्या. मटार सोलायला, कोथिंबीर निवडायला, धिरडं उलटायला बसवा, हाताला काम असलं की ही मुलं टिकतात, आणि स्वतः केलेलं चाखून बघतात.

जेवायला बसल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरे. सारखं "नीट बस, हलू नकोस" नको. पाय टेकायला पाट दिला, मधे एकदा उठून पाणी आणायचं काम दिलं तर बसणं सोपं जातं. मोबाईल मात्र कुणाच्याच हातात नको, बाबांच्या पण नाही. आजी-आजोबांशी मुलासमोर वाद घालू नका, त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या, डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना पटकन पटतं.

चहा, कोल्ड्रिंक आणि झोप

दुपारनंतर चहा, कॉफी, कोला काहीच नाही. कॅफिनने झोप लांबते आणि झोप कमी झालेलं मूल दुसऱ्या दिवशी आणखी चंचल होतं. एनर्जी ड्रिंक तर कधीच नाही, त्या कॅनवरच मुलांसाठी नाही असं लिहिलेलं असतं, आणि एडीएचडीच्या औषधाने आधीच हृदयाची गती थोडी वाढते. या मुलांत बद्धकोष्ठतेचं प्रमाणही जास्त असतं, पाणी प्यायला विसरतात, म्हणून बाटली अर्धी रिकामी परत आली का हे रोज बघा.

डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन जायचं

औषध चालू असेल तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन तीन महिन्यांनी आणि उंची सहा महिन्यांनी ग्रोथ चार्टवर नोंदवून घ्या. चार्ट मागून घ्या, नुसतं "ठीक आहे" वर समाधान मानू नका. वजन घटतंय किंवा महिनोन् महिने जागचं हलत नाही, कपडे-बूट वर्षभर तेच होतायत, चक्कर येते, छातीत धडधडतं म्हणतो, रोज उलटी-पोटदुखी आहे, किंवा पदार्थांची यादी आकसत आकसत चार-पाचवर आलीय, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. डोस कमी करणं, वेळ बदलणं, दुसरं औषध, सुट्टीत गॅप देणं, हे सगळं डॉक्टर करू शकतात, आपण आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही.

जाताना ती दोनशे पानी वही, फेरिटिनचा रिपोर्ट, चालू असलेल्या प्रत्येक सिरप-गोळीचा फोटो, आणि बाईंनी लिहिलेल्या त्या दोन ओळी सोबत न्या. आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, की माझ्या मुलाची भूक नेमकी किती वाजता परत येते, म्हणजे मी जेवण कधी वाढू.